फळ्या संपतात तिथे

"भाताचा गोळा ठेवायला तीन तास गाडी हाकायची? मागच्या अंगणात ठेव की. इथल्या कावळ्यांचं काय घोडं मारलंय?" यतीनची बायको स्वानंदी म्हणाली. तिचंही खरंच होतं. पण त्याने पत्रावळ आणि डबा उचलला आणि आइंडहोव्हनहून उत्तरेचा रस्ता धरला.

आज बाबांचा दहावा. विमानं अडलेली, वॉर्डात कुणाला सोडत नव्हते; बाबा साताऱ्यात शेवटचे सहा दिवस एकटेच होते. क्रिया थोरला भाऊ शशिकांत करणार होता. पण घाटावर ही रांग! नंबर दुपारी लागणार होता. यतीनला मात्र स्वतःच्या हाताने एक घास ठेवायचा होता. नाहीतर त्याला जन्मभर झोप लागली नसती.

जर्मनीच्या सरहद्दीवरची ही दलदल बाबांनीच त्याला तीन वर्षांपूर्वी, इकडे आले असताना, दाखवली होती. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस! "ही सरहद्द राजाने नाही, चिखलाने आखली रे. जुने लोक फळ्या टाकून पलीकडे जायचे. पण ही वाट बघ, मध्येच संपते."

"मग बांधली कशाला?"

"चिखलाला द्यायला. लोणी, गाडीचं चाक... कधी माणूससुद्धा. चिखल दिलेलं सडू देत नाही."

अकराच्या सुमाराला तो पोचला तेव्हा धुकं होतं. फोनवर 'जर्मनीत स्वागत' असा मेसेज आला आणि रेंज गेली. जुन्या वाटेच्या जागी बांधलेली फळ्यांची नवी वाट जिथे संपत होती, तिथे गवताच्या उंचवट्यावर त्याने पत्रावळ मांडली, पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे सरकला.

कावळा येईना. पाखराचा आवाजही नव्हता. कुजक्या मुळांचा वास तेवढा दाटत चालला होता.

"आईला मी सांभाळेन," तो म्हणाला. काही नाही.

"दादाशी भांडणार नाही... घराचा वाटा मागणार नाही."

तास गेला. पाय गारठले. बाबा रागावलेत, या विचाराने त्याचा धीर सुटला आणि तो पोरासारखा रडला. "तुम्ही एकटे होता... मी आलो नाही. चुकलो. आता एकटं नाही ठेवणार. चला माझ्याबरोबर... घरी चला."

डोळे पुसायला त्याने मान वळवली. मागे चिखलात डुबुक् असा आवाज झाला.

पत्रावळ रिकामी होती. शीतही उरलं नव्हतं. पानावर चहाच्या रंगाचं पाणी होतं. पंखांची फडफड ऐकू आली नव्हती, पण शिवला असेल, कावळाच शिवला असेल, असं घोकत तो झपाझप गाडीपाशी आला. छातीवरचा दगड उतरला होता.

आत बसतो तोच फोन वाजला. शशिकांत होता.

"यतीन, कधीचा फोन लावतोय! झालं एकदाचं सगळं. तीनला नंबर लागला. ठेवल्याबरोबर शिवला बघ कावळा. बाबांची कसलीच इच्छा राहिली नव्हती रे. सुटले ते."

तिकडचे तीन म्हणजे इथले साडेअकरा. आता पाऊण वाजला होता.

"दादा... मग इथे कोण..."

"काय रे? आवाज असा का येतोय तुझा?"

यतीनने गाडी सुरू केली. इथून निघायचं, एवढंच त्याला कळत होतं. दहा पावलं गाडी गेली नाही तोच शेजारच्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजू लागली. सीटवर काहीच नव्हतं. पिशवीसुद्धा मागे होती. कुजक्या मुळांचा तोच वास आला, आणि सीटच्या कापडावर तपकिरी ओल पसरत गेली.

"घंटी कसली वाजतेय रे?" फोनवर शशिकांतने विचारलं. "कोण आहे बरोबर?"

मग शेजारी खट् असा आवाज झाला, आणि घंटी थांबली.