पोटच्या पोराविरुद्ध

"काय बघतेस अशी? हसतेस मला? माझ्याच घरात बसून मला हसतेस?"

नीबाल्दोनं समोरचा रश्श्याचा वाडगा उचलून भिंतीवर भिरकावला, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या एदेल्मिराच्या काळजाचं पाणी पाणी झालं... हसत होतं कोण? यास्ना? ती बिचारी तर भीतीनं पांढरीफटक पडली होती! लहानग्या लेकीला, आमांदाला, पाठीमागे घेऊन ती नुसती नवऱ्याकडे बघत होती, पुढचा घाव कुठून येणार याचा अंदाज घेत. पण वारुणी आणि वर नाकात ओढलेली ती पांढरी पूड... त्या दोघींनी नीबाल्दोच्या डोळ्यांपुढे कसलं जग उभं केलं होतं, देव जाणे!

"नाही रे, मी कुठं हसले..." यास्ना पुटपुटली.

पुढचं एदेल्मिराला आठवायलाही नको वाटे. सुनेचा हात त्यानं असा पिरगाळला की हाड मोडल्याचा आवाज झाला. आणि त्याच क्षणी, सत्तरीला टेकलेली ती म्हातारी, अंगावर शालही न घेता घराबाहेर पडली. ताल्कावानोच्या बंदरावरचा तो चढउतार ती कशी पळत गेली, तिचं तिलाच कळलं नाही. पोलीस चौकीत हवालदारानं अदबीनं विचारलं, "मारतोय कोण, दोन्या एदेल्मिरा?"

"माझा मुलगा," ती म्हणाली. "माझा एकुलता एक मुलगा."

कोर्टानं नीबाल्दोला घराबाहेर काढलं. बायकोमुलीच्या आसपास फिरकायचं नाही, आणि असल्या पुरुषांसाठी चालणाऱ्या केंद्रात दर आठवड्याला हजर राहायचं, असा हुकूम झाला. कोर्टातून बाहेर पडताना तो आईपाशी थांबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजपासून मला आई नाही."

तेव्हापासून एदेल्मिराला चैन म्हणून नव्हतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं सुचेना. मासळीच्या बाजारात बायका ऐकू जाईल अशा बेतानं बोलत, "पोटच्या पोराला पोलिसांत दिलं हो! सून जवळची झाली!" ती खाली मान घालून मासे घेई आणि घरी येऊन यास्नाच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघत राही... केलं ते बरोबरच केलं ना मी? मग हे अंतःकरण असं का जळतंय?

एक दिवस केंद्रातून बोलावणं आलं. तिथल्या मानसतज्ज्ञ बाई, सेन्योरिता रेबेका, वयानं यास्नाएवढ्याच असतील. नीबाल्दोची स्मरणशक्ती, लक्ष, रागावरचा ताबा, सगळ्याची तपासणी झाली होती, आणि तो लहानपणी कसा होता हे त्यांना आईकडून ऐकायचं होतं. एदेल्मिरा सांगत सुटली. किती हुशार होता तो! बोटीचं इंजिन आवाजावरून ओळखायचा!

"आता त्याला साधा खेळ जमत नाही," रेबेकाबाई म्हणाल्या. "पत्ते लावायचे असतात. मध्येच नियम बदलतो. बाकीचे थोडं चुकून नवा नियम पकडतात. तो जुन्यालाच धरून बसतो आणि चिडतो. आणि माणसांचे चेहरे दाखवले, तर घाबरलेली बाई बघून म्हणाला, ही मला हिणवतेय."

एदेल्मिराच्या डोळ्यांपुढे यास्नाचा तो पांढराफटक चेहरा उभा राहिला. तिनं पदरासारखा शालीचा शेव तोंडावर धरला आणि ती हमसून रडू लागली. "म्हणजे... म्हणजे माझ्या लेकराचा दोष नाही, बाई? डोक्यालाच दुखणं लागलंय त्याच्या?"

रेबेकाबाईंनी तिचा हात हातात घेतला, पण शब्द मऊ केले नाहीत. "दारूनं आणि त्या पुडीनं डोकं मंदावलंय, हे खरं. सोडली तर बरंचसं सुधारेलही. पण मला सांगा, बोटीच्या मालकावर कधी हात उगारला त्यानं? तो तर त्याला रोज घालूनपाडून बोलतो."

एदेल्मिराला आठवलं, मालकापुढे नीबाल्दो नेहमी टोपी काढून उभा राही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नीबाल्दो बाजारात तिच्या वाटेत आला. दाढी वाढलेली, पण तोंडाला दारूचा वास नाही. किती महिन्यांनी त्यानं हाक मारली, "आई गं!"

त्या एका हाकेनं तिच्या वात्सल्याचे सगळे बांध फुटले!

"आई, ऐकलंस ना? माझं डोकंच बिघडलंय, त्या बाईच म्हणतात. मी मुद्दाम नाही केलं गं! तू सांग यास्नाला. तुझं ऐकते ती. तक्रार मागे घ्यायला सांग, मला घरात घ्यायला सांग..."

हो म्हणावं! घट्ट कवटाळावं याला आणि घरी न्यावं! तिचं रोमरोम आक्रंदत होतं... पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"नाही सांगणार, नीबाल्दो. यास्नाचं दार उघडणं माझ्या हातात नाही."

"मग मरू मी एकटाच?"

"एकटा कशाला? मी येते ना तुझ्या खोलीवर राहायला."

यास्नानं ऐकलं आणि तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "आई, नका जाऊ! तुम्हालाही मारील तो!"

"मारीलही," एदेल्मिरा म्हणाली. "पण पोरी, तो दारू सोडायला बघतोय आणि त्याच्यापाशी पाणी द्यायलाही कुणी नाही. हे घर तुझं आणि आमांदाचं. मी गेले की कुलूप बदलून घे."

टेकडीमाथ्यावरची ती पत्र्याची खोली! वारा चारी बाजूंनी शिरायचा. घामानं निथळत, थरथरत, शिव्या देत नीबाल्दो अंथरुणात तळमळे आणि ती त्याच्या कपाळावर ओला फडका ठेवत राही. मध्येच दोनदा पुन्हा दारूकडे घसरला, दोनदा केंद्रात जाऊन त्यानं स्वतःच कबुली दिली. हिवाळा सरत आला तसा तो दुपारी जाळी विणू लागला, विसरलेल्या गाठी हळूहळू बोटांना आठवू लागल्या.

आणि अशाच एका दुपारी, एक गाठ जमेना म्हणून त्यानं सुई भिंतीवर फेकली. एदेल्मिरा नुसतं म्हणाली, "हळूहळू जमेल, बाळा."

"तूही हसतेस? तूही?" तो ताडकन उठला, मूठ वर गेली. म्हातारी भिंतीला टेकली...

मूठ तशीच अधांतरी राहिली. तो आईच्या चेहऱ्याकडे बघत होता, एखाद्या परक्या भाषेतली ओळ जुळवून वाचावी तसा, कष्टानं, अक्षर अक्षर.

"आई..." त्याचा आवाज फाटला. "तू भ्यालीस? मला भ्यालीस तू?"

"हो रे," ती म्हणाली. "खूप."

तो मटकन खाली बसला. "यास्नाही... त्या दिवशी... तीही भ्यालीच होती ना?" आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला. एदेल्मिराचा हात त्याच्या केसांतून फिरत होता, पण तो हात अजून कापत होता, आणि ते त्यालाही जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच तिचं बोचकं बांधलं.

"हे काय, नीबाल्दो?"

"तू घरी जा, आई. काल हात थांबला. उद्याची खात्री मला नाही."

"आणि तुझं?"

"केंद्र आहे. जाळी आहेत. बघू." मग बोचक्याची गाठ आवळत म्हणाला, "कोर्टात तारीख आहे पुढच्या महिन्यात. बंदी उठवायचा अर्ज कर म्हणतो वकील. मी नाही करणार. अजून नाही."

एदेल्मिरानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ज्या मुलाला मी गमावलं म्हणून रडत होते, तो हा माझ्यापुढे उभा आहे, आणि मी त्याला इथंच सोडून जायचं!

बोचकं खांद्यावर घेऊन तो तिच्याबरोबर टेकडी उतरला. कोर्टानं आखून दिलेल्या हद्दीपाशी, पाववाल्याच्या दुकानाआधी, त्यानं बोचकं तिच्या हातात दिलं आणि तो थांबला. खालून तिला न्यायला यास्ना आणि आमांदा येत होत्या. यास्नाची पावलं त्याला पाहून अडखळली. तो दोन पावलं मागे सरकला.

यास्ना पुढे आली. सासूच्या हातातलं बोचकं तिनं काढून घेतलं, तिला छातीशी धरलं, आणि दोघी रस्त्यातच रडल्या. नीबाल्दोकडे तिनं एकदा पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती. पण पळण्याची घाईही नव्हती.

"बाबा नाही येत?" आमांदानं विचारलं.

"नाही."

"आपण येऊ देत नाही म्हणून?"

यास्नानं बोचकं खांद्यावर घेतलं. मग मुलीचा हात धरून उताराला लागताना म्हणाली, "नाही गं. आज ते आपणहून थांबलेत."