आटलेल्या ओढ्यातला मासा

“अरे, हा जिवंत आहे!” ढब्बू ओरडला.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दगडांच्या खोबणीत साचलेल्या ओंजळभर पाण्यात एक चंदेरी मासा तडफडत होता. ढब्बूची मोठी बहीण चष्मिस धावत आली. पाठोपाठ त्यांचा मावसभाऊ आला. शाळेच्या शर्यतीत तो कुणाच्या हाती लागत नसे, म्हणून सगळे त्याला ‘सशा’ म्हणत.

सुट्टीत मावशीने तिघांना नवशिक्यांच्या पदभ्रमंतीला आणलं होतं. जुनं दगडी गाव, पडकी तटबंदी, कमानींचा पूल, सगळं पाहून झालं होतं. आता मंडळी पुलाच्या सावलीत, थेट ओढ्याच्या पात्रातच डबे उघडून बसली होती. मावशीने तर बूट काढून पाय पसरले होते.

चष्मिसने दगडावरच्या शेवाळाला बोट लावलं. ओलं! बुळबुळीत!

“एवढ्या उन्हात हे ओलं कसं? सशा, सकाळी इथे पाणी होतं!”

“मग गेलं कुठे?”

“कुठे गेलं नाही. कुणीतरी वर अडवलंय.”

ती पदभ्रमंतीच्या वाटाड्याकडे गेली. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

“दादा, वर कुणी पाणी अडवलंय का?”

“ओढे आटतातच गं!” त्याने मान वर केली नाही. “मी रोजचा इथला. जा, डबा खा.”

“तो संपला,” ढब्बू म्हणाला. “तिघांचाही.”

वळणापर्यंत जाऊन येतो, असं मावशीला सांगून तिघे काठाकाठाने वर निघाले. वळण ओलांडलं आणि सशाचे पाय जागीच थिजले.

समोर जुनी पाणचक्की होती. शेजारी ओढ्यावर दगडी बांध आणि त्याचं लाकडी दार घट्ट बंद. दारामागे पाणी काठोकाठ तुंबलं होतं! फळ्यांना फुगवटा आला होता आणि फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या. एक मिस्त्री मात्र चक्कीच्या चाकावर ठाकठोक करण्यात गुंग होता.

“मिस्त्रीकाका! खाली ओढ्यात माणसं बसलीत!” सशा ओरडला.

मिस्त्रीच्या हातातला हातोडा निसटला. “ओढ्यात? अरे, चाक दुरुस्त होईपर्यंत कुणाला उतरवू नको म्हणून त्या वाटाड्याला सकाळीच बजावलं होतं मी!” त्याने दाराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एक वासा ओढून तो बांधाकडे धावला. “टेकू देतो, पण दार टिकायचं नाही! पळा! आणि पात्रातून नको, काठावरून पळा!”

सशा सुसाट सुटला. चष्मिस त्याच्यामागे धावली. काटे ओरबाडत होते, पण तिला फक्त एकच दिसत होतं: मावशीचे पसरलेले पाय.

ती पोचली तेव्हा सशा धापा टाकत हातवारे करत होता, आणि वाटाड्या हसत होता.

“म्हणे पूर येतोय! आभाळात ढग तरी आहे का? बसा हो सगळे, पोरांची गंमत आहे.”

उठू लागलेली माणसं पुन्हा बसली. समजावायला वेळ कुठे होता!

तेवढ्यात ढब्बू धडपडत आला. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याभोवती फिरवत बोंब ठोकली, “मधमाश्या! मधमाश्या उठल्या! पळा!”

मग काय! डबे उलटले, टोप्या उडाल्या. मावशी अनवाणीच काठावर चढली. सशाने एका आजींना हात देऊन वर ओढलं.

वाटाड्या तेवढा खालीच उभा! “कुठे आहेत मधमाश्या? थांब, बघतोच तुला!”

चष्मिसने झडप घालून त्याची पिशवी उचलली आणि चढावर धूम ठोकली.

“ए! माझी पिशवी!” तो तिच्यामागे धावला.

तो काठावर पोचतो न पोचतो तोच वरून कडाड् असा आवाज आला. मग गडगडाट! तपकिरी पाण्याचा लोंढा वळणावरून उसळत आला. फांद्या, फळ्या, दगड! क्षणात सतरंज्या, डबे, मावशीचे बूट दिसेनासे झाले. जिथे मंडळी जेवत होती, तिथे पाणी कमानीवर धडका देत होतं.

मावशीने तिघांना असं कवटाळलं की ढब्बूला श्वास घेता येईना.

थोड्या वेळाने मिस्त्री ओलाचिंब होऊन धावत आला. सगळे धडधाकट दिसल्यावर तो मटकन खाली बसला. “दार फुगलेलं मला आधी दिसायला हवं होतं. आज या पोरांनी वाचवलं.”

“मला सकाळीच सांगितलं होतं या मिस्त्रींनी,” वाटाड्या खालच्या आवाजात म्हणाला. “मी फोनवर होतो. हो हो म्हणालो आणि विसरून गेलो.”

आजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ढब्बूच्या पाठीवर थाप मारली. “इतकं चांगलं खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही! आणि तू गं पोरी, तुझी नजर अशीच राहू दे. तुझ्या या भावाचे पायसुद्धा!”

परतीची वेळ झाली. चष्मिसने पिशवी पुढे केली. वाटाड्याने ती खांद्याला लावली, पण तो पुढे झाला नाही.

“वाट सरळ आहे,” तो म्हणाला. “तू पुढे चाल. काही खटकलं तर थांबव. मी थांबेन.”