वस्तीकडची बाजू

वणीकडच्या आमच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या कापलेल्या नळ्या प्रयोगशाळेत येतात. त्या घासून त्यांची जाडी मोजणं माझं काम. शिक्षण आठवी; धातूंचं जे काही कळतं ते चहा देता देता कानावर पडलेलं.

यंदा वस्तीकडच्या भिंतीच्या नळ्या झिजत होत्या. प्रयोगशाळेच्या चारुदत्त सरांनी साधं पोलाद काढून क्रोमियमचं बसवलं, मग निकेलचा महागडा मिश्रधातू. तोही झिजला. वर ना गंज, ना पापुद्रा. नुसता धातू कमी. तोही जाळाकडून नाही; पाठीमागून, जिकडे आमची घरं आहेत.

"शीलाताई, लोखंड जातं कुठे?" सर वैतागले.

"मले काय इचारता सर? मले तर चहाचे चमचे सापडत नाही."

घरी दुसरा वैताग. माझी लेक सलोनी पहिल्या बाळंतपणाला दारव्ह्याहून आलेली. अंगात रक्त नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लोहाच्या गोळ्या घेतल्या नाहीत तर जिवावर बेतेल. पोरगी गोळी गालात धरायची आणि मोरीत थुंकायची.

"काहून थुंकतेस वं?"

"मळमळते. तूच खाऊन पाय."

दिवसभर अंगणात केंद्राच्या चिमणीकडे तोंड करून बसायची. बरं वाटते म्हणायची.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं. डॉक्टरीणबाई खूश. सलोनीने माझ्याकडे पाहिलं नाही. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यामागे जशीच्या तशी होती.

मग नळी फुटली. बॉयलर बंद झाला आणि सलोनी पांढरीफटक पडत गेली. ओठसुद्धा.

"आई," पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "बाळ हालून नाही राह्यलं."

यवतमाळला न्यायला गाडी बोलावली. ती येईपर्यंत शेजारच्या धुरपताबाईला तिच्याजवळ बसवून मी केंद्राकडे धावले. कोणी भाजून मरेल, बॉयलर बंद करा, म्हणून महिनाभर मीच सरांच्या मागे लागले होते.

"सर, पेटवा."

"फुटल्या नळीचं जोडकाम आत्ताच झालंय ताई. उद्या तपासून मग..."

"आज पेटवा."

सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन उचलला.

मी घरी पोचले तोवर चिमणीवर धुराची बारीक रेघ उमटली होती.

सलोनी हसली. "हाललं."

नातू झाला. धुरपताबाईने त्याला उचललं आणि तिचा हात खाली गेला. "माय वं, ऐरण जन्माले घातली काय?"

नळ्यांची झीज त्या दिवसापासून थांबली. मिश्रधातू जिंकला म्हणून सरांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

आज सकाळी भाकरीचा तवा धुऊन उन्हाकडे धरला. झिजून कागद झालेल्या एका कडेतून उजेड आला.

तवा मी ओट्यावर नेहमी दांडा भिंतीकडे करून ठेवते. ती कड पाळण्याकडे येते.

आत सलोनी त्याला जोजवत होती.

तवा फिरवला आणि जाड कड पाळण्याकडे करून ठेवली.