ही दोन माणसं एकच आहेत का?

संगणकाच्या पडद्याच्या कडेला सात पिवळ्या चिठ्ठ्या.

घराच्या दारामागं दोन खुंट्या, दोन निळ्या छत्र्या.

पाण्याचे मीटर बनवणारी कंपनी. माणसं चारशे बारा.

आईच्या फोनमधले पहिले दोन नंबर: मोठी, धाकटी.

मोठीला कंपनीत एकोणीस वर्षं झाली होती. रजेचा अर्ज एका प्रोग्राममध्ये, भांडाराची मागणी दुसऱ्यात, तक्रारी तिसऱ्यात. असे सात प्रोग्राम, चिठ्ठ्यांवर लिहिलेले सात पासवर्ड. अडलं की माणसं तिच्या टेबलाशी यायची. "ताई, तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही." ती हसून चिठ्ठी बघायची.

मग तिनंच शब्द टाकून धाकटीला नोकरीला लावलं, आणि धाकटीनं वर्षभरात पोर्टल उभं केलं. एक पान, एक पासवर्ड, सातही प्रोग्राम आत.

"ताई, आता चिठ्ठ्या काढ की."

"राहू देत. शोभेला."

टेबलाशी कुणी येईनासं झालं. भांडारवाले काका जाता जाता म्हणाले, "धाकटी म्हणजे सोनं हो तुमची!"

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं?" मोठी म्हणाली. काका हसले नाहीत.

एक काम तेवढं तिच्याकडे उरलं. जुन्या प्रोग्राममध्ये एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी होत्या. कुठं आडनाव चुकलेलं, कुठं पत्ता जुना. पोर्टल अशा जोड्या शोधायचं आणि विचारायचं: ही दोन माणसं एकच आहेत का? होय किंवा नाही. होय म्हटलं की दोन नोंदींची एक व्हायची. माणसं ओळखणारी मोठीच, म्हणून उत्तर तिनं द्यायचं.

सोमवारी दुपारी एक चौकट उघडली. आडनाव एक. पत्ता एक. घरचा फोन एक. वर तिचा फोटो, खाली धाकटीचा.

पलीकडे सभागृहात धाकटीसाठी टाळ्या वाजत होत्या. थांबतच नव्हत्या.

मोठीनं 'होय' दाबलं. दोन दिवस धाकट्या बाईसाहेबांचं दार उघडायचं कार्ड चालणार नाही, जरा नाक खाली होईल. इतकंच.

मंगळवारी सकाळी धाकटी घरातून आधीच निघून गेलेली दिसली. पोर्टलवर मोठीच्या फोटोखाली 'पोर्टलप्रमुख' असं आलं होतं. धाकटीच्या खोलीचं दार मोठीच्या कार्डानं उघडलं. खुर्ची तिच्याच उंचीला लावलेली होती.

भांडारवाले काका डोकावले. "काल काय बोललात हो सभेत!"

"मी नाही. धाकटी बोलली."

"कोण धाकटी?" काका हसले. "तुम्ही पण ना!"

तिनं धाकटीला फोन लावला. हातातलाच फोन थरथरला.

घरी दारामागं एक खुंटी होती. तिनं शेजारची भिंत बोटांनी चाचपली. भोक नव्हतं. रंग जुना, सलग.

"आई, धाकटी कुठाय?"

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "लहानपणीही असंच विचारायचीस. एकटं पोर. खेळायला कुणी नसायचं."

तिनं तिथंच उभ्या उभ्या पोर्टल उघडलं. माणसं चारशे अकरा.

नोंद वेगळी करायची सोय होती. दोन्ही व्यक्तींची संमती हवी होती.

तिनं आपली दिली.

दुसरीच्या पुढं लिहून आलं: वाट पाहत आहे.

ती पाहत राहिली.

आदल्या शुक्रवारी, पोर्टलची चाचणी घेताना, तीच चौकट आधी धाकटीला आली होती. तिनं 'नाही' दाबलं होतं.