चारीवरचा बारावा खांब

मी कारेगावात राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. सव्वीस वर्षं सुटे भाग मोजतेय. पार्ट मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. त्यामुळे डावा गुडघा बदलावा लागेल असं शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, तेव्हा मला ते लगेच पटलं. हाडांमधली फट पार संपली होती. पटलं, तरी ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली.

कारण एकच, भीती. तेरा वर्षांपूर्वी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बायपास झाली तेव्हा दाराबाहेर सहा तास मीच बसले होते. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं बोलले ते हे, "ललिता, आत लई गार हाय गं." त्यानंतर ते नऊ वर्षं ठणठणीत जगले आणि झोपेत गेले. हे सगळं ठाऊक असूनही ऑपरेशन म्हटलं की मला त्यांचं ते वाक्यच आठवायचं.

तिसरी तारीख देताना डॉक्टर म्हणाल्या, "महिनाभर जमेल तेवढं चाला. मांडीत ताकद असली की नंतर सोपं जातं. आणि आता तारीख बदलू नका, पाय वाकडा व्हायला लागलाय."

मी रजा टाकून खुटबावला माहेरी आले. कारेगावात चालायचं म्हणजे कंपन्यांच्या बसगाड्यांशी झोंबी. खुटबावला घरासमोरूनच कालव्याच्या चारीच्या कडेनं रस्ता जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस आणि विजेचे खांब.

ते खांब आम्ही आप्पांचेच मानतो. आमच्याकडे अंतर मीटरमध्ये कोणी सांगत नाही, चार खांब, सहा खांब असं सांगतात. बायपासनंतर आप्पांनी रोज एक खांब वाढवला, आणि जिथवर पोहोचले त्या खांबावर चुन्याचा अंगठा उमटवला. तंबाखू सुटली होती, पण चुन्याची डबी काही खिशातून सुटली नव्हती. हात वर उचलायची मनाई, म्हणून ठसा छातीच्या उंचीवर. "टाकं हायेत तिथंच लावतो," म्हणून हसायचे. अंगठ्याचं टोक कडबाकुट्टीत गेलेलं, त्यामुळे ठसा वरून सपाट यायचा. ते ठसे पावसानं कधीच धुऊन गेले. डबी माझ्या धाकट्या भावानं, साहेबरावनं, त्यांच्या चितेवर ठेवली. मी समोर उभी होते.

पहिल्या सकाळी काठी टेकत पहिला खांब गाठला आणि दम खाल्ला. वळताना खांबाच्या खालच्या भागाकडे लक्ष गेलं. चुन्याचा ठिपका होता, ओला. वायरमनची काही खूण असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो वाळला होता आणि दुसऱ्या खांबावर नवा ओला ठिपका होता. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यावर. मी वायरमनला फोन केला. "आमी चुना कशापायी लावू ताई? आमी पेंटनं नंबर टाकतो," तो म्हणाला. साहेबरावला विचारलं तर हसायला लागला.

"बगळ्यानं घाण केली आसंल. हरेक गोष्टीला टेप लावत बसू नगंस."

मी टेप लावला. पर्समध्ये असतोच. चौथ्या खांबावर अठरा इंच, पाचव्यावरही अठरा. घरी येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि भावजयीला, सारिकाला, जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्या वाटीपर्यंत मोजायला लावलं.

"अठरा भरतंय अक्का," ती म्हणाली. "का वो?"

"काही नाही, सहज."

ठसे वरून सपाट होते, हे मी तिला सांगितलं नाही.

घाबरले का? घाबरले. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता लागली. पुढच्या खांबावर ठसा आहे की नाही हे पाहायचं तर उद्या तिथवर जाणं भाग होतं. अशी ओढीनं ओढीनं मी अकराव्या खांबापर्यंत पोहोचले. तिथे रस्ता वळतो आणि बारावा खांब उसाआड जातो. आठ दिवस मी रोज अकराव्याला टेकून परत फिरले. गुडघा एक पाऊल पुढे टाकू देईना. शेवटी साहेबरावला पाठवलं. तो मोटारसायकलवर जाऊन आला.

"काय बी न्हाई तिथं. नुस्ता खांब हाय."

"नीट बघितलंस?"

"डोळं फुटलं न्हाईत माजं."

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून तारीख पक्की केली. धैर्य वगैरे काही नव्हतं. मला बाराव्या खांबापर्यंत माझ्या पायानं जायचं होतं, एवढंच.

आत खरंच गार होतं. आप्पा काही वाढवून बोलले नव्हते. कमरेखाली बधिर केलेलं, हिरव्या पडद्याआडून ठाकठोक ऐकू येत होती, अगदी आमच्या टूलरूमसारखी. मला चक्क हसू आलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं तेव्हा कळ मस्तकात गेली, पण खाली पाहिलं तर पाय सरळ होता. इतक्या वर्षांनी तो सरळ दिसला आणि मी भर वॉर्डात रडले.

महिन्याभरानं पुन्हा चारीवर आले. आता साहेबराव सोबत यायचा, प्लास्टिकची खुर्ची घेऊन, मी थकले तर बसायला. खांबांवरचे जुने ठसे पुसट झाले होते, नवा एकही नव्हता. मी जमेल तसा एकेक खांब वाढवत गेले. सोळा दिवसांत कुठं काठी फक्त धरण्यापुरती उरली.

त्या सोमवारी सकाळी सात वाजता मी अकरावा खांब मागे टाकला आणि वळण घेतलं.

बाराव्या खांबापाशी वाकून पाहिलं. अठरा इंचांवर काही नव्हतं.

मग मान वर केली.

ठसा छातीच्या उंचीवर होता. वरून सपाट. ओला.

माझ्या छातीच्या नव्हे. चार बोटं वर.

मागे खुर्ची खाली आपटली.

"थांब जरा अक्का," साहेबराव म्हणाला. "दम लागलाय. सकाळधरनं खांदा धरलाय, काल पोती उचलली नव्हं."

तो खांबाला हात टेकून उभा राहिला. ठसा त्याच्या शर्टाच्या खिशाच्या ओळीत होता. हवेत गारवा होता आणि त्याचा शर्ट पाठीपर्यंत भिजला होता.

मी टेप काढला नाही. त्यालाच खुर्चीवर बसवलं आणि सारिकाला फोन लावला. "गाडी काढ. चारीवर आण. दौंडला जायचंय, आत्ता."

"मला काय झालंय? चालाया तू आलीयास."

"गप बस."

दौंडच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि लगेच पुण्याला पाठवलं. दोन स्टेंट बसले. "वेळेत आणलंत," एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले. सारिका माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

पंधरा दिवसांनी साहेबराव चालायला निघाला. आता खुर्ची मी घेतली होती, आणि काठी घरीच राहिली होती. पहिल्या खांबाशी तो थांबला. बोट पुढे करून म्हणाला, "अक्का, हितं चुना कुणी लावला?"

मी जवळ गेले. छातीच्या उंचीवर होता, त्याच्या. मी बोट टेकवलं. चुना ओला होता, आणि नुकताच तळहातावर मळला असावा तसा कोमट.