वेळ संपत आल्याची चाल

काम तसं साधं होतं. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेममधली, किल्ल्याच्या लेव्हलला वाजणारी चाल घ्यायची, तिच्यावर ड्रम, सिंथ आणि इलेक्ट्रिक गिटार चढवायची आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पाच मिनिटांचं गाणं उभं करायचं. बँकेतली नोकरी सांभाळून मी हा एवढाच शौक करतो. बायको रूपाली माहेरी, निर्मल गावी गेली होती, त्यामुळे मावला गावातलं आमचं घर दिवसभर माझं होतं. गेमच्या जुन्या कॅसेटचा मूळ आवाज माइकवर घ्यायचा म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद, आणि वर मे महिना. डोकं आधीच तापलेलं होतं.

गिटार माझ्या चुलतभावाची, पंकजची. तो गुडीहत्नूरला राहतो, तिथूनच वाजवून फाइल पाठवतो. ती गाण्यात टाकली, ऐकायला बसलो, आणि शेवटच्या फेरीत गाणं पळायला लागलं. गिटार पळाली ती पळाली, तिच्यामागं ड्रमही पळाले. ड्रम कॉम्प्युटरचे, मीच बसवलेले. ते कशाला पळतील?

वेग पुन्हा बांधला, पुन्हा ऐकलं. आता पळापळ मधल्या फेरीपासून. फाइल एकटी वाजवली तर गरीब गाईसारखी सरळ चालायची, गाण्यात आली की अंगात आल्यासारखी सुटायची. तीन तास हाच तमाशा. शेवटी माझा संयम सुटला आणि मी पंकजला व्हॉइस मेसेज टाकला. "काऊन एवढी घाई करून राह्यला वाजवताना? जमत नसंल तर सांग. नाहीतर ये इथं आन वाजव माझ्यासमोर."

त्याला झोंबलं. लगेच उत्तर आलं, "म्या कानात क्लिकचा ठेका लावूनच वाजवलं, दादा. येतोच गाडी काढून. दाखवतो तुले."

मी गाणं परत लावलं. आता ते पहिल्याच सुरापासून धावत होतं. खोलीत तापलेल्या वायरीचा वास पसरला. सगळ्या वायरींना हात लावून पाहिला. सगळ्या गार होत्या.

तेव्हा मला आठवलं. गेममध्ये ही चाल अशी धावायला लागली की त्याचा अर्थ एकच असायचा, वेळ संपत आली. वेळ संपली की आपला माणूस मरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून निघायचा.

मी लॅपटॉप बंद केला. स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. एका फालतू गाण्यापायी मी पोराला भर उन्हात रस्त्यावर काढलं होतं. फोन लावला.

"कुठं आहेस?"

"हायवेवर. अर्ध्यात आलो."

"गाडी बाजूला घे. उतर खाली."

"येडा झाला का, दादा? मंग बोलावलं काऊन?"

"चुकलं माझं. थांब फक्त..."

त्यानं गाडी बंद केली. इंजिनाचा आवाज थांबला आणि फोनमधून ती चाल ऐकू आली. धावती.

"पंकज... तिथं कोण वाजवून राह्यलं?"

"इथं? कोनीच नाई. रिकामं वावर हाय नुसतं..."

चाल जोरात आली, आणखी जोरात, आणि मध्येच तुटली.

"पंकज? ...पंकज!"

"हां दादा, बोल." आवाज अगदी ताजा. मागं पंख्याची घरघर. "निघूनच राह्यलो. चपला घालतो."

"कुठून निघून राह्यला?"

"घरून. तूच बोलावलं ना आत्ता."

"तू हायवेवर होतास... आत्ता, या फोनवर..."

"काहीही! गिटार अजून खुंटीवर हाय माही."

"येऊ नको. पाया पडतो तुझ्या, घरीच बस."

"आता नाई बसत. चांगलं वाजवता येते मले, दाखवतोच."

मी फोन कानापासून काढला आणि कॉलची यादी पाहिली. दिवसभरात मी पंकजला हा एकच फोन केला होता. यादीत याच्या आधी आणखी एक होता. चार मिनिटांचा. मला तो आठवत नव्हता.

म्हणजे एक त्या फोनवर, एक आत्ता, असे दोन जीव गेले होते. त्या गेममध्ये तीनच मिळायचे.

फोनमधून गाडीची किक ऐकू आली. मागोमाग ती चाल, संथ, अगदी पहिल्यापासून.