दुसरी तपासणी

पहिल्याच महिन्यात नोकरी सोडावीशी वाटली नाही का, असं विचारलंत म्हणून सांगते. तो दिवा मात्र राहू द्या चालू.

दुपारचे तीन वाजले होते. खालच्या रक्तपेढीतून एक पिशवी घेऊन मी वॉर्डात येत होते. लहान मुलांच्या कॅन्सरच्या आणि रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात मला लागून तिसराच आठवडा होता. वॉर्डाचं नाव ऐकून आई आठ दिवस रडली होती, आणि मी मात्र हवेत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या हातांनी रक्त लावायचं होतं.

रक्त मुंगीसाठी होतं. तिच्या अंगात रक्त टिकायचं नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी यायची. सहा वर्षांची, पण एवढीशी, म्हणून मुंगी. तिचा बेड चार नंबरचा, खिडकीला लागून. शेजारी पाच नंबरला पोपट. हिला रक्ताचा कॅन्सर होता, पण तोंडाला क्षणभर विश्रांती नाही.

आमच्याकडे रक्त एकटीने लावायचं नसतं. एकीने पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसरीने मुलाच्या मनगटावरच्या पट्ट्यावरचा. जुळले तरच पुढे जायचं. वॉर्डच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या सिस्टर म्हणायचो, मला बजावून गेल्या, "खाली ऑफिसात बोलावलंय, आलेच. मी येईपर्यंत नळीला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो सिस्टर."

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. फ्रीजमधून काढलेली पिशवी अर्ध्या तासात लावावी लागते, नाहीतर ती वाया जाते. कुणी अनोळखी माणसाने दिलेलं रक्त माझ्यामुळे फेकलं जाणार, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायला लागला. मग मला शहाणपण सुचलं. मुंगीला मी ओळखत नाही का? चार नंबरचा तर बेड!

सगळी मुलं झोपली होती. त्यांच्या आया जेवायला गेल्या होत्या. पडदे ओढलेले, एसीची घरघर, स्पिरिटचा वास. भर दुपारी तिथे तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटत होतं. चार नंबरवर डोक्यावरून पांघरूण घेतलेलं होतं, फक्त सुई लावलेला हात बाहेर. मी पिशवी टांगली, नळी सुईला जोडली. आता फक्त नळीवरचं चाक फिरवायचं होतं.

"वाच..."

खिडकीकडच्या पडद्यामागून आवाज आला. अगदी हळू.

"आलात सिस्टर?" मी ओशाळून विचारलं.

"वाच..."

पिशवीबरोबर रक्तपेढीतून आलेल्या कागदावरचा नंबर मी वाचला.

"कागद नको. पिशवी..."

मी पिशवीवरचा वाचला. शेवटी चार, शून्य, नऊ. पडद्यातून एक हात आला. म्हातारा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. साबणाचा उग्र वास आला. त्या हाताने मुलीचं मनगट अलगद वळवलं.

"एक... सात... दोन."

माझी बोटं चाकावरच गोठली. मी पांघरूण ओढलं. पोपट झोपली होती!

तिचा रक्तगट वेगळा होता. ते रक्त आत गेलं असतं, तर तिच्या जिवावर बेतलं असतं. मी नळी काढली. "देवासारख्या धावून आलात, सिस्टर," असं म्हणत रडत रडत पडदा सरकवला.

मागे खिडकीची बंद काच होती. तिसरा मजला. पडदा आणि काच यांच्यात वीतभरसुद्धा जागा नव्हती.

तेवढ्यात दारातून मोठ्या सिस्टर धापा टाकत आल्या. "अगं, लिफ्टच अडकली बाई! लावलं नाहीस ना?"

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ती पिशवी त्यांनी स्वतः उतरवून बाजूला ठेवली. मुंगीसाठी दुसरी पिशवी आली, आणि तिचा नंबर आम्ही दोघींनी तीनदा वाचला.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. पोपट बरी झाली, आता शाळेत शिकवते, म्हणजे बोलण्याचा पगार घेते. तिची मुलगी मला आजी म्हणते. त्या हाताचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पट्टा वाचल्याशिवाय मी पुन्हा कधी कुणाला काही लावलं नाही. रोज वॉर्डात शिरताना त्या खिडकीला हात जोडते.

पण तुम्हाला अर्धंच सांगितलं तर ते खोटं ठरेल. त्या संध्याकाळी मी दोघींना दटावलं होतं, "बेड का बदललेत गं?"

"आम्ही कुठे!" पोपट फणकारली. "त्या म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, बदला. नवीन सिस्टर कशी आहे ते बघायचंय म्हणे."

मुंगी एरवी बोलायची नाही. ती माझा पदर ओढून कानाशी आली.

"मागच्या नवीन सिस्टरला पण त्यांनी वाच म्हटलं होतं..." ती कुजबुजली. "ती थांबलीच नाही. चाक फिरवलं."